सेवेरसच्या कानामागची खूण

नेव्यानाला नाण्यांचा नाद लागला तेव्हा तिची चाळिशी उलटून गेली होती. त्याआधीचं सगळं आयुष्य लोकांच्या दातांत गेलं. विदिनमध्ये, दॅन्यूबच्या काठावरच्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात तिची प्रयोगशाळा होती. गावातले दंतवैद्य जबड्यांची मापं पाठवायचे आणि ती त्यांवरून दातांच्या कॅपा आणि कवळ्या करून द्यायची. नवरा फार पूर्वीच सोडून गेला होता. मुलगी बिल्याना स्पेनमध्ये, वालेन्सियाच्या एका हॉटेलात कामाला होती. संध्याकाळी घरी गेलं की रेडिओशिवाय बोलणारं कुणी नसायचं.

चिचो कुझमान तिच्याकडे आले ते खालच्या कवळीच्या निमित्तानं. चिचो म्हणजे काका. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या या म्हाताऱ्याला अख्खं गाव याच नावानं हाक मारायचं. कवळी बसवून घेताना ते तिच्या हातांकडे बघत राहिले होते. मग खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी तिच्या टेबलावर एक चांदीचं नाणं ठेवलं.

"ओळख, हा कोण?"

"मला काय माहीत? कुणीतरी दाढीवाला."

"सेप्टिमियस सेवेरस. रोमचा बादशहा. दाढीची टोकं बघ, दोन फाटे पडल्यासारखी. ठेव तुझ्याकडे. कवळी छान झालीय."

तिथून सुरुवात झाली. दर रविवारी सकाळी वाचनगृहाच्या मागच्या खोलीत नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरायची. बहुतेक सगळे पुरुष, साठीच्या पुढचे. चिचो कुझमान तिला शेजारी बसवून शिकवायचे. नाण्याच्या कडेनं फिरणारी अक्षरं कुठून वाचायला लागायची, तुटलेल्या नावावरून बादशहा कसा शोधायचा, चांदीच्या दिनारचं वजन साधारण किती भरायला हवं.

"आधी चेहरा बघायचा नाही," ते म्हणायचे. "चेहरा भुरळ पाडतो. आधी कड बघ. आणि हातात आलेलं प्रत्येक नाणं खोटंच आहे असं धरून चाल. खरं असेल तर ते स्वतःच तुझ्याशी भांडेल."

"आणि भांडलं नाही तर?"

"तर विकत घेऊ नकोस, एवढंच."

नेव्यानाला यात विलक्षण सुख मिळू लागलं. हातोड्याच्या घावाखाली चांदी कशी पसरते, अक्षरांच्या पायथ्याशी धातूच्या बारीक रेघा कशा उमटतात, हे तिला भिंगाखाली दिसायला लागलं. रोज जेवण झालं की ती आपला सेवेरस काढून बघायची. त्याच्या कानामागे स्वल्पविरामाएवढी एक खाच होती, कधीतरी कुणाच्या तरी नांगराचा फाळ लागून झालेली असावी. ती खाच तिला इतकी पाठ झाली होती, की डोळे मिटूनही बोट बरोबर तिथे गेलं असतं.

अधूनमधून चिचो तिच्याकडे काही मागायचे. शाळेतल्या पोरांसाठी नाण्यांचे ठसे करायचेत म्हणून माप घ्यायचा रबरी लगदा, थोडं मेण. एकदा नातीच्या साखरपुड्याला अंगठी ओतायची म्हणून भट्टी. ती निःशंक प्रयोगशाळेची किल्ली देऊन टाकायची. एवढं शिकवतात, त्यांना नाही कसं म्हणणार?

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तळघराच्या पायऱ्या उतरून क्रूम आला. वलचेवचा ड्रायव्हर. गावात वलचेवचं नाव मोठ्यानं कुणी घेत नसे. नदीतल्या वाळूच्या खाणी त्याच्या होत्या, बांधकामं त्याची होती, आणि पोलिसप्रमुख त्याच्याबरोबर रानडुकराच्या शिकारीला जायचा. एका ठेकेदाराचं त्याच्याशी बिनसलं तर त्या ठेकेदाराची गाडी नदीत सापडली. ठेकेदार सापडलाच नाही.

"गोस्पोदिन वलचेवनी, साहेबांनी, बोलावलंय," क्रूम म्हणाला. "नाणी बघायचीयत. भिंग घ्या, काटा घ्या."

"माझ्यापेक्षा चिचो कुझमानना विचारलंत तर..."

"तुम्हालाच बोलावलंय."

गाडीत मागे बसल्यावर तिला जाणवलं की आपण प्रयोगशाळेला कुलूप लावायला विसरलो. ती म्हणाली, "एक मिनिट, कुलूप..." क्रूमनं आरशातून तिच्याकडे बघितलं. "कोण चोरतंय दात," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

वलचेवचं घर गावाबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला, वाळूच्या डोंगरांआड होतं. अंगणात दोन मोठे कुत्रे साखळीला होते. ते भुंकले नाहीत, नुसते उठून उभे राहिले. ते न भुंकणंच तिला जास्त घाबरवून गेलं.

वलचेव खिडकीपाशी बसला होता. बुटका, नीटनेटका, अंगात विणलेला स्वेटर. एखाद्या शाळेचा हेडमास्तर वाटावा. समोरच्या बशीतल्या भोपळ्याच्या भाजलेल्या बिया तो एकेक सोलून खात होता.

"या, बसा. कॉफी?" त्यानं अगदी आदबीनं विचारलं. "परवा व्हिएन्नाहून एक गिऱ्हाईक येतंय, बरोबर आपला जाणकार घेऊन. त्याआधी मला माहीत असायला हवं की माझ्याकडे काय आहे. कुझमान म्हणतो, तुमची नजर त्याच्यापेक्षा चांगली आहे."

टेबलावर मखमलीचं तबक होतं, त्यात चांदीची नाणी मांडलेली. नेव्यानानं काटा लावला. पहिलं नाणं चिमटीत आल्यावर हात आपोआप स्थिरावले. हे हादरियन बादशहाचं. कड बघितली: बारीक भेगा, घाव बसल्यावर फुटलेल्या. अक्षरांच्या मुळाशी रेघा. वजन बरोबर. हे खरं. पुढचं त्राजान, झिजलेलं, पण उंचवट्यांवर झिजलेलं, जिथे झिजायला हवं तिथेच. तेही खरं. तिला वाटलं, सगळी अशीच निघू देत. सगळी खरी निघाली तर मी कॉफी पिऊन घरी जाईन.

मग तिनं सेवेरस उचलला.

आधी कड, असं तिनं स्वतःला बजावलं, पण डोळे ऐकेनात. ते सरळ कानामागे गेले. तिथे स्वल्पविराम होता. तीच खाच, तेवढीच लांब, तशीच शेपटीकडे वळलेली.

एकाच छापातून हजार नाणी ठोकली तर सगळ्यांवर चेहरा तोच उमटणार, हे ठीक. पण ही खाच छापाची नव्हती, नंतर बसलेल्या माराची होती. दोन जुळ्या भावांचे चेहरे सारखे असतील; दोघांच्या हनुवटीवर लहानपणी पडून झालेला व्रण एकाच जागी, एकाच वळणाचा कसा असेल? तिच्या घरचं नाणं आणि हे नाणं एकाच साच्यातून निघालं होतं.

तिनं नाणं उलटं केलं. मागच्या बाजूला पंखवाली विजयदेवी. पंखाखाली मोहरीहूनही बारीक, गोल गोल फोड. हे फोड ती वीस वर्षं घासून काढत आली होती. साच्याच्या लगद्यात हवेचा बुडबुडा राहिला की ओतलेल्या धातूवर असाच फोड येतो. कडेला एके ठिकाणी कानस फिरवलेली, धातू आत ओतायचा देठ कापल्याची जागा. आणि देवीच्या पायाशी, अक्षराच्या कोपऱ्यात, फिकट गुलाबी भुकटीचा एक कण अडकलेला.

गुलाबी. तिच्या साच्याची भुकटी गुलाबी होती. जिल्ह्यातले बाकी सगळे पांढरी वापरायचे. ती हट्टानं प्लोवदिवहून गुलाबी मागवायची, कारण ती जास्त बारीक असते.

शाळेतली पोरं. नातीचा साखरपुडा. माझी भट्टी.

"काय झालं?" वलचेवनं विचारलं. "थांबलीस का?"

'तुम्ही'वरून तो 'तू'वर आला होता, ते तिच्या ध्यानात आलं. दाराशी क्रूम उभा होता. खरं आहे म्हणावं, सुटका करून घ्यावी? पण परवा व्हिएन्नाचा जाणकार बघता क्षणी ओळखणार, मग हा माणूस माझं काय करेल? खोटं आहे म्हणावं, तर पहिला प्रश्न येणार, कुणी केलं? आणि गुलाबी भुकटीचं बिल माझ्या नावावर.

"हे ओतीव आहे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"म्हणजे?"

"खोटं आहे, गोस्पोदिन वलचेव."

एक बी फुटल्याचा आवाज झाला. त्यानं टरफल बशीत ठेवलं.

"कशावरून?"

तिनं फोड दाखवले, कानशीची जागा दाखवली. "ठोकलेल्या चांदीत रेघा असतात. ही बघा, साबणासारखी गुळगुळीत. आणि एवढ्या आकाराच्या मानानं हलकी आहे." कानामागच्या खाचेबद्दल ती बोलली नाही. भुकटीबद्दलही नाही.

"कुणी केलं असेल?"

"मला काय कल्पना?"

"आणि ती गुलाबी भुकटी? ती नाही दिसली तुला?"

नेव्यानाला खोली दूर गेल्यासारखी वाटली. खिडकीबाहेर वाळू उपसणारं यंत्र चालू होतं, त्याची घरघर तेवढी कानात उरली.

"दिसली," वलचेव म्हणाला. "दिसल्याबरोबर तुझे कान लाल झाले." आणि तो हसला. मनापासून, खूश होऊन हसला. त्यानं टेबलाचा खण ओढला. आत, कापसावर, सेवेरसच सेवेरस होते. सगळ्यांच्या कानामागे तोच स्वल्पविराम. "म्हाताऱ्यानं वर्षापूर्वीच सांगितलं होतं, ज्या दिवशी ही पोरगी ओळखेल त्या दिवशी ती तयार झाली समजा. त्याचे डोळे गेले आता. हात कापतात. हे फोड त्याला दिसतच नाहीत. तुला दिसतात. ज्याला चूक दिसते त्याला चूक टाळताही येते, बरोबर ना?"

"मी दात करते," ती कशीबशी म्हणाली.

"दातही कर की! कोण नको म्हणतंय? गिऱ्हाइकाला आपण खरं नाणं दाखवणार, हातात तुझं देणार. कुणाचं पोट दुखत नाही." त्यानं बशी तिच्यापुढे सरकवली. "घे, बिया घे. आज लगेच बोलू नकोस. रविवारी बैठकीला क्रूम येईल, त्याला सांग. बिल्याना वालेन्सियालाच आहे ना अजून? समुद्रासमोरचं हॉटेल. क्रूमचा भाऊ त्याच भागात ट्रक चालवतो. म्हटलं तर गावचाच माणूस, अडीनडीला."

तिनं बी उचलली. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. ती तोंडात टाकून, टरफलासकट गिळून ती उठली.

क्रूमनं तिला प्रयोगशाळेपाशी सोडलं. तिनं आत जाऊन आधी सगळ्या खोल्या बघितल्या, पाणी प्यायली, मग घरून आपला सेवेरस घेऊन थेट चिचो कुझमानच्या अंगणात गेली.

म्हातारा कोबीच्या पिंपाशी वाकलेला होता. हिवाळ्यासाठी मुरत घातलेल्या कोबीचं पाणी तळाच्या तोटीतून काढून पुन्हा वरून ओतत होता. नेव्यानानं पिंपाच्या झाकणावर नाणं ठेवलं.

चिचोंनी ते उचललंही नाही. "कधी ओळखलंस?"

"आज. त्याच्या टेबलावर."

"वर्ष लागलं." ते हळूच बाकावर बसले. "मनातून वाटायचं, ओळखूच नयेस."

"मग शिकवलंत कशाला?"

पिंपातून पाणी ठिबकत राहिलं.

"चिचो, मी तुम्हाला किल्ली दिली होती. माझ्या घरातल्या माणसाला द्यावी तशी."

"मला माहीत आहे गं."

"कवळी तरी खरी हवी होती, की तोही बहाणाच?"

"कवळी खरी हवी होती," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मोतीबिंदूनं दुधाळ झालेले डोळे. वर्षभर इतक्या जवळ बसून तिनं ते कधी नीट बघितलेच नव्हते. "ऐक. मला शेतात नाणी सापडली होती, मी कुणाला सांगितलं नाही. त्याला कळलं. म्हणाला, पोलिसांना सांगू की एक छोटं काम करतोस? एकच काम. मग दुसरं. तो माणूस सोडत नाही, नेव्याना. बदली दिल्याशिवाय नाही."

"म्हणजे मी तुमची बदली."

"तुझे हात बघितले आणि मला वाटलं, मी सुटलो." त्यांनी तोंड झाकून घेतलं. "त्या दिवसापासून झोप नाही. खरं सांगतो."

"माझ्यावर उपकार करू नका झोप न येऊन," ती म्हणाली आणि नाणं उचलून निघून आली.

त्या आठवड्यात तिला प्रत्येक आवाजाची धास्ती बसली. पायऱ्यांवर पाऊल वाजलं की हातातलं मेण सुटायचं. रस्त्यावर काळी गाडी दिसली की ती दुकानात शिरायची आणि नको असलेली पावशेर द्राक्षं घेऊन बाहेर पडायची. पोलिसांत जायचा विचार तिनं केला, आणि पोलिसप्रमुखाच्या भिंतीवरचं रानडुकराचं मुंडकं आठवून सोडून दिला. पळून जावं? कुठे? वालेन्सियाला क्रूमचा भाऊ होताच.

शेवटी तिनं बिल्यानाला फोन केला. सांगायचं नाही असं ठरवून केला आणि सगळं सांगून बसली.

मग बिल्याना म्हणाली, "मी हॉटेल बदलते. मैत्रिणीच्या गावाला जाते. पण आई, तू त्याचं काम करू नकोस. एकदा केलंस ना, की मग त्याला मला घाबरवायची गरजच उरणार नाही. तुझीच भीती तुला पुरेल."

"बोलायला सोपं आहे."

"अजिबात सोपं नाही. मला इथे घाम फुटलाय."

पोरीनं घाबरल्याचं कबूल केलं आणि का कोण जाणे, नेव्यानाचा श्वास थोडा मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी एक कॅप घासता घासता तिच्या मनात आलं: ती खाच गावात फक्त तिघांना माहीत आहे, मला, चिचोंना आणि वलचेवला. धंदा चालतो तो त्या तिघांनी तोंड मिटून बसण्यावर. खाच सगळ्यांना कळली, तर खणातला ढीग म्हणजे नुसता धातू. आणि मला कळलेलं गुपित जर गुपितच उरलं नाही, तर माझं तोंड बंद करून कुणाला काय मिळणार? फक्त राग काढायचा असेल तर. राग काढायचाच असेल तर मात्र मी मेले.

ती संग्रहालयात गेली. तिथल्या नाणेविभागात रालित्सा होती, चष्मेवाली, सावकाश बोलणारी. नाणं बघून ती म्हणाली, "ओतीव आहे. चांगलं काम आहे पण. कुणी...?" आणि नेव्यानाचा चेहरा बघून ती एकदम थांबली. "नाव सांगू नकोस. मला ऐकायचं नाही. माझं घर याच गावात आहे."

"नाव नाही सांगत. तू रविवारी वाचनगृहात ये, एवढंच. पहिल्या रांगेत बस. आणि या नाण्याचा मोठा फोटो काढून आण."

रालित्सानं खिडकीबाहेर बघितलं. "येते असं म्हणत नाही," ती म्हणाली.

रविवारी ती आली. काखेत गुंडाळलेला फोटो, चेहरा पांढराफटक. खोलीत नेहमीची मंडळी होती, कॉफीचे पेले, पनीर भरलेल्या बानित्साचा वास. चिचो कुझमान कोपऱ्यात बसले होते. मागच्या दाराला टेकून क्रूम उभा होता. त्यानं नेव्यानाकडे बघून भुवया उंचावल्या: काय ठरलं?

ती उठली. तिनं खुर्चीची पाठ धरली.

"मी इथे सगळ्यांत नवी," ती म्हणाली. "आज नवशिक्यांसाठी थोडं सांगणार आहे. म्हणजे माझ्यासाठीच."

कुणीतरी हसलं. "बोल, नेव्याना! दात काढणार नाहीस ना?"

"हा माझा पहिला सेवेरस. वर्षभर मी हा खरा समजले. हा खोटा आहे." रालित्सानं फोटो उलगडून फळ्यावर लावला. नेव्यानानं त्यावर बोट ठेवलं. "कानामागची ही खाच बघा. स्वल्पविरामासारखी. ज्या ज्या सेवेरसच्या कानामागे ही खाच असेल, तो तो याच साच्यातला. असे पुष्कळ आहेत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत."

हसणं थांबलं. मग औषधदुकानवाल्या त्सोलोनं आपला अल्बम उघडला, भिंग काढलं. त्याचं तोंड हळूहळू उघडत गेलं. "अरे देवा," तो म्हणाला. मग दुसरा अल्बम उघडला, तिसरा. खोलीभर पानं उलटल्याचा आवाज. कुणी शिवी घातली. कुणी नाणं मुठीत आवळून धरलं.

"हे मी कुझमानकडून घेतलं होतं," त्सोलो म्हणाला.

"मीही."

सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. चिचो कुझमान उठले. काठी पडली, ती उचलायला ते वाकले नाहीत.

"मी केलीत," ते म्हणाले. "सगळी मी. हिला काही माहीत नव्हतं. हिची भट्टी मी खोटं बोलून वापरली."

"कुणासाठी?" त्सोलो ओरडला. "कुणासाठी केलीस, सांग ना!"

चिचोंची नजर मागच्या दाराकडे गेली, आणि खोलीतल्या प्रत्येकानं ती जाताना पाहिली. क्रूम सरळ उभा राहिला. त्यानं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, चेहरे मोजल्यासारखी, आणि दार उघडून निघून गेला. दार त्यानं अगदी हळू लावलं.

लोक कोट चढवून लवकर लवकर घरी गेले. रालित्सा म्हणाली, "मी फोटो सगळ्या संग्रहालयांना पाठवते. आजच," आणि जवळजवळ पळतच गेली.

नेव्याना नदीकाठच्या रस्त्यानं निघाली. चिचो मागून काठी टेकत येत होते, दहा पावलांवर. जवळ यायचं धाडस त्यांना होत नव्हतं, आणि ती थांबत नव्हती. इतक्यात काळी गाडी हळूहळू तिच्या बाजूनं चालू लागली. तिनं वेग वाढवला. गाडीनंही वाढवला. मग ती थांबली. पळून काय होणार? नदीवर धुकं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिच्या मनात आलं, हे इथेच होणार, आणि बिल्यानाला कुणीतरी फोनवर सांगेल.

काच खाली गेली. वलचेव मागच्या सीटवर बसला होता.

"छान बोललीस म्हणे," तो म्हणाला.

मागून काठीचा आवाज जवळ आला. चिचो कुझमान तिच्या आणि गाडीच्या मधे येऊन उभे राहिले, धापा टाकत. त्यांची टोपी वाकडी झाली होती.

"मला घेऊन जा," ते म्हणाले. "काय करायचं ते माझं कर."

वलचेवनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो नेव्यानाकडे बघत होता, रागानं नाही. बाजारात हाताळून परत ठेवून दिलेल्या वस्तूकडे बघावं तसा.

"माझ्या सासूची कवळी करायची होती," तो म्हणाला. "आता दुसरीकडे करायला टाकीन. गावातले बाकीचेही टाकतील." काच वर गेली. गाडी निघून गेली.

मग नेव्यानानं चिचोंची टोपी सरळ केली, आणि तिच्या लक्षात आलं की आपले दात वाजतायत.

वलचेव बोलला तसंच झालं. एकेक करून दंतवैद्यांनी कामं पाठवणं बंद केलं. कुणी आजारपण सांगितलं, कुणी फोनच उचलला नाही. चिचो कुझमानवर खटला झाला, वय बघून न्यायाधीशांनी तुरुंगात पाठवलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत स्वतःशिवाय कुणाचं नाव घेतलं नाही, आणि कुणी फारसं विचारलंही नाही. व्हिएन्नाचा माणूस आला की नाही, कुणालाच कळलं नाही. वलचेवच्या वाळूच्या खाणी चालूच राहिल्या.

नाताळाआधी नेव्यानानं भट्टी विकली आणि व्रात्सा शहरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. नाणी तिनं सोडली नाहीत. व्रात्साच्या बाजारात मातीनं माखलेली तांब्याची नाणी मिळायची, ती घरी आणून पाण्यात भिजत घालायची, आणि अक्षर दिसेपर्यंत वाट बघायची. दाराला तिनं दोन कड्या बसवून घेतल्या.

वसंतात एकदा चिचोंचा फोन आला. आधी तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजल्यावर उचलला.

"पोरी, डोळ्याचं ऑपरेशन झालं," म्हातारा म्हणाला. "एकाचं. दिसायला लागलंय. पलीकडच्या गच्चीवरचे कपडेसुद्धा दिसतात."

"बरं झालं."

"तू आलीस तर... म्हणजे, दाखवण्यासारखं काही असेल तर..."

तिला येईन म्हणवेना, नाही म्हणवेना. मग तिनं विचारलं, "चिचो, खिडकीतून बघा. तुमच्या दारासमोर गाडी उभी आहे का?"

पलीकडे पावलं वाजली, पडदा सरकला.

"एक उभी आहे," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "भाजीवाल्याची आहे. पाटी वाचता येतेय मला."

"नीट वाचलीत ना?"

"नीट वाचली."

"बरं," नेव्याना म्हणाली. फोन खाली ठेवून ती उठली आणि दाराच्या दोन्ही कड्या लावल्या आहेत ना, ते पुन्हा एकदा बघून आली.